छोटी गिटार आणि शांत जागेचा शोध

आम्ही फार लांब गेलो नव्हतो. येवला, सटाणा, कळवण आणि कळवणच्या पश्चिमेला डोंगरातला एक पाडा. सगळं आमच्या नाशिक जिल्ह्यातलंच, एसटीने चार दिवसांत होणारं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा माझ्याबरोबर शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "कुठे जाऊन आलात?" मी गावांची नावं सांगितली. "तिथे काय आहे बघायला?" असं म्हणून त्या हसल्या. आम्ही बघायला गेलो नव्हतो, हे मधल्या सुट्टीत कसं सांगायचं? मी आपला डबा उघडला. या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. आज सगळं सलग लिहून काढते आहे.

निघण्याआधी

मधुकर म्हणजे माझे पती. घरात मी त्यांना 'अहो'च म्हणते, पण इथे नाव लिहिते, वाचणाऱ्याला सोपं जाईल. ते सातपूरला एका कारखान्यात प्रेसवर बावीस वर्षं होते. पत्र्यावर प्रेस पडायचा तो आवाज मी एकदाच ऐकला होता, त्यांचा डबा द्यायला गेले तेव्हा, गेटपासून. कानात घालायला बोळे मिळायचे. पण ते घातले की शेजारचा ओरडला तरी कळत नाही आणि हात मशीनखाली जायची भीती, म्हणून कोणी घालत नसे.

गिटार ते लग्नाआधीपासून वाजवतात. शिकवायला कोणी नव्हतं. आमच्या वस्तीतल्या पोरांचा एक ऑर्केस्ट्रा होता, त्यात बघून बघून शिकले. जयंतीला विहारासमोर स्टेज पडायचं, तिथे ते एका कडेला खुर्चीवर बसून वाजवायचे. मान खाली, डोळे मिटलेले. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते तसंच. आमची मुलगी झाली तेव्हा त्यांनी स्वतः एक चाल बसवली. तिला शब्द नाहीत, नाव नाही. घरात आम्ही तिला झोक्याची चाल म्हणतो. मुलगी आता पुण्याला शिकते.

ऐकू कमी येतंय हे आधी मला कळलं. टीव्हीचा आवाज वाढायला लागला. कुकरची शिट्टी झाली तरी ते गॅसपाशी तसेच उभे. दोन हजार तीनच्या पावसाळ्यात आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही कान मशीनच्या आवाजाने गेलेत, उजवा जवळजवळ पूर्ण, डावाही जातोय, आणि गेलेलं परत येत नाही, असं त्यांनी कागदावर रेघा दाखवून सांगितलं. कानामागे लावायचं यंत्र दिलं. त्याने बोलणं थोडंफार कळायचं. पण गिटार हातात घेतली की यंत्रातून नुसती खरखर यायची. मधुकरांनी ते काढून खिशात ठेवलं आणि बहुतेक वेळ ते खिशातच राहिलं.

त्यानंतर महिन्याभरात त्यांनी ही छोटी गिटार आणली. मेन रोडच्या दुकानात बाहेर टांगलेली होती. प्रवासात नेता यावी म्हणून अशा करतात, असं दुकानदाराने सांगितलं. मान आखूड, पोट एवढंसं. मला वाटलं, लहान मुलाची आहे. मधुकर म्हणाले, "मोठी गिटार मांडीवर राहते. ही बघ, छातीला लागते. हनुवटीपर्यंत येते. आवाज जवळ येतो." त्यांनी ती छातीशी धरून दाखवली. मी जुन्या गोधडीची पिशवी शिवून दिली.

आमचं घर नाशिकरोडला, मोठ्या रस्त्याच्या कडेला. ट्रक, नळावरची भांडी, शेजारचा टीव्ही. दिवाळीत फटाके. एका सकाळी गिटार मांडीवर ठेवून ते म्हणाले, "सुनंदा, इथे आवाजच फार आहे गं. आवाजात आवाज मिसळतो, मला वेगळा काढता येत नाही. कुठेतरी शांत जागी गेलो ना, तर मला नीट ऐकू येईल."

डॉक्टरांनी दाखवलेल्या रेघा मला आठवत होत्या. त्यांनाही आठवत असणार. मी म्हटलं, "जाऊ या."

येवला

पहिल्यांदा येवल्याला जायचं त्यांच्या मनात होतं, कारण तिथे गणपतभाऊ आहेत. दोघं कारखान्यात एकाच दिवशी लागले होते. गणपतभाऊ चार वर्षांत कंटाळून गावी परतले आणि घरच्या पैठणीच्या मागावर बसले. गाव लहान, घर आतल्या गल्लीत, तिथे शांत असेल असा आमचा हिशेब.

गल्लीच्या तोंडाशीच मला हसू आलं. घराघरातून माग चालू होते. खट्, खट्, खट्, मधेच थांबून पुन्हा खट्. मधुकर मजेत चालले होते. मला म्हणाले, "बघ, किती शांत आहे!"

गणपतभाऊंच्या घरात शिरल्यावर डाव्या हाताला खड्डा, खड्ड्यात पाय सोडून ते मागावर बसलेले. जांभळ्या रेशमावर सोनेरी जरीचा मोर अर्धा झाला होता, मान आणि चोच तेवढी आलेली. इंचभर विणायला दिवस जातो, असं त्यांच्या बायकोने, रत्नाबाईंनी, सांगितलं. मी पैठणी लग्नात दुसऱ्यांच्या अंगावर पाहिली होती. ती एका माणसाच्या दिवसभराच्या बसण्यातून बोटाएवढी पुढे सरकते, हे पहिल्यांदा कळलं.

"मध्या, किती खराब झाला रे!" गणपतभाऊ खड्ड्यातून वर येत म्हणाले. मधुकरांनी कानाला हात लावून दाखवला. गणपतभाऊ जवळ आले आणि डाव्या कानाशी मोठ्याने म्हणाले, "लय झालं का?"

"तू वेळेवर सुटलास," मधुकर म्हणाले.

गणपतभाऊ खाली बघायला लागले. "आमच्यात कुठं डोकं होतं तेवढं? मला तर नुसता कंटाळा आला होता. नायतर मी बी तिथंच असतो."

दुपारी शेवभाजी आणि बाजरीची भाकरी जेवलो. भाजी अशी तिखट की नाकातून पाणी. आमच्याकडे पाहुण्यासाठी तिखट कमी करतात. इथे पाहुणा म्हणून वाढवलं होतं. जेवणानंतर गणपतभाऊंनी माग बंद ठेवला. "वाजव," म्हणाले. मधुकरांनी भिंतीला पाठ टेकून गिटार छातीशी घेतली आणि झोक्याची चाल सुरू केली.

दुसऱ्या ओळीवर मी चमकले. एक तार उतरली होती. मला गिटारीतलं फार कळत नाही, पण शाळेत प्रार्थना मीच घेते, आणि ही चाल तर अठरा वर्षं ऐकलेली. खालून दुसरी तार बोलली की ओळ खाली घसरत होती. हेच मधुकर पूर्वी तार केसभर हलली तरी वाजवणं थांबवून पुन्हा सगळं जुळवायचे. विहाराच्या कार्यक्रमात लोक ताटकळायचे, पण हे खुंट्या पिळत बसायचे. आज ते डोळे मिटून पुढे चालले होते.

गणपतभाऊ आणि रत्नाबाई मन लावून ऐकत होते. त्यांना कळलं की नाही, माहीत नाही. वाजवून झाल्यावर मधुकरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "छान."

"इथेही आवाज आहेत ना?" त्यांनी विचारलं. "मला काहीतरी खटखट जाणवतंय. जमिनीतून येतंय."

"हो, शेजारचे माग चालू आहेत."

"तरीच," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळीला गेले तेव्हा मी गोधडीच्या पिशवीतून गिटार काढली आणि ती खुंटी फिरवून पाहिली. तार आणखी उतरली. उलटी फिरवली तर ती चिरक्या आवाजात वर जायला लागली, तुटेल म्हणून मी घाबरले आणि अंदाजाने पूर्वीच्या जागी आणून ठेवली. बाहेर बादली वाजली. मी पिशवीची नाडी बांधून टाकली.

सटाणा

येवल्याहून मनमाड, मालेगाव करत सटाण्याला गेलो. मालेगावला गाडी बदलली. मधुकर पिशवी वरच्या फळीवर चढवत होते, तर कंडक्टर धावत आला. "ओ भाऊ, लेकरू वर ठेवता का काय?" गोधडी बघून त्याला खरंच तसं वाटलं होतं. सगळी गाडी वळून बघायला लागली. मधुकरांना काहीच ऐकू आलं नाही. सगळे आपल्याकडे बघून हसतायत एवढंच त्यांना दिसलं, आणि तेही हसले. मी कंडक्टरला सांगितलं, वाजवायचं वाद्य आहे. तेवढी दोन मिनिटं सोडली तर प्रवासभर ते खिडकीतून बाहेर बघत बसले. दोन्ही बाजूंना कांद्याची रोपं लावणं चालू होतं. बायका ओळीने वाकलेल्या, पाटातून पाणी चमकत होतं.

सटाण्याला मधुकरांच्या गंगूमावशी राहतात. वय सत्तरीपुढचं. स्लॅबचं दोन खोल्यांचं घर, पुढे डाळिंबाचं एक झाड. मावशी अहिराणी बोलतात आणि त्यांनाही ऐकू येत नाही, हे आम्ही विसरलो होतो. दारातच दोघं एकमेकांना ओरडून विचारत होते आणि दोघांनाही समोरच्याचं कळत नव्हतं. शेवटी मावशींनी मधुकरांचे दोन्ही कान धरले, स्वतःच्या कानांकडे बोट केलं आणि खदाखदा हसल्या.

"कान गयात ते गयात," त्या मला म्हणाल्या. "आते सूननं बोलनं ऐकू येत नई. बरंच शे."

सून चुलीपाशीच होती. तिनेही पदर तोंडाला लावून हसून घेतलं. तिने कळण्याची भाकरी केली होती. ज्वारीत उडीद मिसळून दळलेलं पीठ, भाकरी काळसर आणि जाड, वर कच्चं तेल आणि ठेचा. आमच्या नाशिकला ही भाकरी हॉटेलात मागून खातात. इथे ती रोजची.

शांततेचं म्हणाल तर सटाण्यात दुपारी कांद्याच्या मार्केटकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग, आणि संध्याकाळी तुळशीची लग्नं. मावशीकडे तुळशीचं लग्न करत नाहीत, आम्हीही करत नाही; पण गल्लीत घरोघर चालू होतं आणि प्रत्येक लग्नाला फटाक्यांची माळ. मधुकर डाळिंबाखाली खाटेवर गिटार घेऊन बसले होते. फटाक्याचा धक्का जाणवला की हात थांबवायचे.

मावशी जवळ येऊन बसल्या. "हाई काय शे रे भाऊ?"

मधुकरांनी गिटार पुढे केली. मावशींनी तिच्या पाठीवर तळहात ठेवला, पोराच्या पाठीवर ठेवतात तसा. मधुकरांनी जाड तार छेडली. मावशींचे डोळे मोठे झाले. त्यांनी हात काढला, पुन्हा ठेवला.

"हाई बोली रायनं!" त्या ओरडल्या, म्हणजे ही बोलते आहे. "सून, हाई बोली रायनं वो!"

मधुकर वाजवत राहिले. मावशींचा हात लाकडावर आणि मान हलत होती. दुसरी तार अजून उतरलेलीच होती. तिथे माझ्याशिवाय ऐकणारं कोणी नव्हतं. सून आत गेली होती. मला वाटलं, इथे सांगावं. मावशी आहेत, हसतखेळत निघून जाईल. मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले. तेवढ्यात ते म्हणाले, "फटाके संपले की मला सगळं ऐकू येईल बघ. आत्ताही जाड तार येतेय. उद्या तुझ्या त्या गावित सरांच्या पाड्यावर काही नसेल. वीजसुद्धा असून नसल्यासारखी आहे म्हणतात."

मी उठून सुनेला भांडी घासू लागले. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळपासून मला तो पाडा येऊ नये असं वाटायला लागलं होतं. गाडी चुकावी, रस्ता बंद असावा. जोवर फटाके होते, माग होते, तोवर सगळा दोष त्यांच्यावर होता.

कळवणकडे

गाडी वेळेवर आली. कळवणच्या स्टँडवर मिसळ खाल्ली. दक्षिणेला सप्तशृंगीचा डोंगर सकाळच्या धुक्यात निळा दिसत होता. स्टँडबाहेरून पश्चिमेकडे काळी-पिवळी जीप जाते. तिच्यात आम्ही चौदा माणसं, एक कोंबड्यांची पाटी आणि गिटार. पाटीवाली बाई पिशवीला खेटून बसली. रस्ता असा की जीप खड्ड्यात गेली की पिशवीतून 'ठण्ण' असा आवाज यायचा आणि कोंबड्या ओरडायच्या. तिसऱ्या खड्ड्याला सगळी जीप हसायला लागली. पाटीवाल्या बाईने विचारलं, "हा माणूस का नाय हसत?" मी म्हटलं, त्यांना ऐकू येत नाही. मग उतरेपर्यंत तिने पाटी स्वतःच्या मांडीवर ठेवली.

जीप जिथे सोडते तिथून अर्धा तास चढ. नागली, म्हणजे नाचणी, कापून झाली होती, खळ्यांवर कणसांचे ढीग होते. गवत पिवळं पडलेलं. गावित सर आम्हाला घ्यायला खाली आले होते. ते डी.एड.ला माझ्या वर्गात होते आणि आता आपल्याच पाड्यावरच्या शाळेत एकटे शिक्षक आहेत. चालता चालता मी त्यांना मधुकरांचं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, इथे शांतता म्हणाल तेवढी आहे. आम्हाला तर कधी कधी नको होते."

पाडा

शांतता म्हणजे काय ते मला तिथे कळलं. वर पोचलो आणि श्वास शांत झाल्यावर कानात काहीच उरलं नाही. घरं वीस-पंचवीस, बरीचशी माणसं खळ्यावर. वीज सकाळपासून नव्हती. लांब दरीत एक गाय हंबरली, ती कुठल्या बाजूला आहे तेही कळत होतं. सरांच्या बायकोने, यमुनाताईंनी, नागलीची भाकरी आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्यांची, चटणी वाढली. चटणी बोटांना काळी लागत होती. ताटात भाकरी मोडल्याचासुद्धा आवाज येत होता.

मधुकरांनी पटापट जेवण उरकलं. शाळेच्या ओट्यावर जाऊन बसले. दुपारचे तीन वाजले असतील. खळ्यावरची दहा-बारा माणसं हात झटकत आली आणि ओट्याच्या कडेने बसली. त्यांत सोमाभाऊ होते, पन्नाशीचे, खाकी हाफपँट आणि डोक्याला टॉवेल. ते पावरी वाजवतात, असं सरांनी सांगितलं. दुधी भोपळा, बांबू आणि मेण यांची ती फुंकून वाजवायची असते, आणि सोमाभाऊ ती स्वतः बनवतात. या भागातल्या नाचाला तेच लागतात.

मधुकरांनी गिटार छातीशी धरली. हनुवटी तिच्या कडेवर टेकवली. एकदा सगळीकडे बघून घेतलं. मग झोक्याची चाल सुरू केली.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. पहिल्या ओळीला चेहरा उत्सुक होता. दुसरीला कपाळावर आठी आली. त्यांनी हनुवटी आणखी दाबली. बोटं जोरात पडायला लागली, इतकी की तार पट्टीवर आपटून खणखणली. त्या शांततेत ती उतरलेली तार मला सहन होईना. येवल्याला ती मागांच्या खटखटीत झाकली गेली होती. इथे ती उघडी होती. तरी ते थांबले नाहीत, चाल शेवटपर्यंत नेली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिथे तशी पद्धत नाही. सोमाभाऊ पुढे सरकले आणि सहज, आपल्यातल्या माणसाला सांगावं तसं म्हणाले, "दादा, वाजवता चांगलं. पण यक तार उतरेल हाय ना."

मधुकरांनी त्यांचे ओठ हलताना पाहिले. माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणतात?"

मी त्यांच्या डाव्या कानाशी वाकले. सगळे बघत होते. "छान वाजवता म्हणतात," मी म्हटलं.

सोमाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. ते रागावले नाहीत, त्यांना काही समजेना एवढंच. मी त्यांचं म्हणणं नीट ऐकलं नाही असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी हात पुढे केला आणि खालून दुसऱ्या तारेवर बोट ठेवलं. मग तळहात हळूहळू खाली नेऊन दाखवला.

मधुकरांनी त्या बोटाकडे पाहिलं. तार छेडली. पुन्हा छेडली. मग मला विचारलं, "ही उतरलीय?"

"हो."

"कधीपासून?"

मला खोटं बोलता आलं नाही. "येवल्यापासून."

"येवल्यापासून," ते म्हणाले. "म्हणजे गणपतसमोर. मावशीसमोर." त्यांनी गिटार ओट्यावर ठेवली, चपला घातल्या आणि दरीकडच्या पायवाटेने खाली निघून गेले.

सर उठायला लागले, मी त्यांना थांबवलं. माणसं एकेक करून खळ्यावर परतली. सोमाभाऊ तेवढे थांबले. "माझं चुकलं का काय, बाई?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही हो. माझं चुकलं." यमुनाताईंनी कोरा चहा आणून दिला. तो हातात गार झाला.

तासाभराने मधुकर वर आले. पँटला कुसळं लागली होती. माझ्याशेजारी बसून एकेक कुसळ काढत राहिले.

"तू मास्तरीण आहेस ना?" ते म्हणाले. "पोरगं चुकलं तर त्याला सांगतेस की नाही?"

"सांगते."

"मग?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मला वाटलंच असतं," ते म्हणाले. आणखी दोन कुसळं काढली. मग विचारलं, "इथे आत्ता काही आवाज आहे का?"

मी कान दिला. "नाही. काहीच नाही."

"मघाशी मी वाजवत होतो तेव्हा?"

"तेव्हाही नव्हता. फक्त तुमचाच."

त्यांनी मान हलवली. "मला बारीक तारा आल्याच नाहीत. एकही नाही. जाड तारेचा छातीत धक्का लागतो, तेवढंच. मला घरीच कळलं होतं गं. पण म्हटलं, रस्त्यामुळे असेल." त्यांचा आवाज फुटला, आणि तो किती मोठा निघतोय हे त्यांना कळत नव्हतं. यमुनाताई आतून दारात येऊन उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

सोमाभाऊ ओट्याच्या टोकाला बसलेलेच होते. त्यांनी गिटार उचलली. ती त्यांनी आयुष्यात प्रथमच हातात घेतली होती. एकेक खुंटी कुठल्या तारेची, ते बोटाने माग काढत पाहिलं. मग शेजारची तार छेडायची, तोंडाने 'ऊं' करून तिच्याशी मिळणारा स्वर धरायचा आणि उतरलेली तार थोडी थोडी चढवायची. दोनदा जास्त झाली, दोनदा उतरवली. मी सांगायचा प्रयत्न केला, "अजून थोडी." त्यांनी हाताने गप्प केलं. शेवटी तार जागेवर आली. मलाही ते लगेच कळलं.

त्यांनी गिटार मधुकरांच्या मांडीवर ठेवली. "आता वाजवा," असं खुणेनं सांगितलं.

मला वाटलं, मधुकर नाही म्हणतील. त्यांनी ती घेतली आणि चाल वाजवली, अगदी सावकाश. या वेळी हनुवटी टेकवली नाही, डोळेही मिटले नाहीत. वाजवताना ते माझ्याकडे आणि सोमाभाऊंकडे बघत होते. खळ्यावरच्या बायका काम थांबवून उभ्या राहिल्या होत्या. चाल जशीच्या तशी होती, मुलगी पाळण्यात होती तेव्हासारखी. ती तिथल्या प्रत्येकाला ऐकू येत होती, वाजवणारा सोडून.

परत

दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. सोमाभाऊ जीपपर्यंत सोडायला आले. जीप हलताना त्यांनी मधुकरांचा हात दोन्ही हातांत धरला. कळवणला सरळ नाशिकची गाडी मिळाली. दिंडोरीपर्यंत मधुकर झोपले होते. नाशिकला उतरल्यावर त्यांनी खिशातलं यंत्र काढून कानामागे लावलं. "आता हेच," म्हणाले.

पुढचं थोडक्यात सांगते. संक्रांतीपर्यंत ते अधूनमधून वाजवायचे. तारा मी लावून द्यायचे. दुकानातून त्याचं एक छोटं यंत्र आणलं होतं, दिवा लागला की तार बरोबर. संक्रांतीनंतर त्यांनी वाजवणं सोडलं. मी विचारलं तर म्हणाले, "भिंतीवर बोट फिरवल्यासारखं वाटतं." कारखान्यात त्यांना स्टोअरला घेतलं. तिथे आवाज नाही, पण आता त्याचा उपयोगही नाही. डावा कान गेल्या पावसाळ्यात गेला. मुलीचा फोन आला की मी ऐकते आणि पाटीवर लिहून त्यांना दाखवते.

या उन्हाळ्यात मी पाटीवर लिहिलं, मला शिकवा. त्यांनी आधी मान हलवली, मग तयार झाले. सकाळी त्यांची पाळी सुरू व्हायच्या आधी आम्ही पुढच्या खोलीत बसतो. माझी बोटं जाड, तारा रुततात. बोट पट्टीच्या मागे-पुढे पडलं तर त्यांना ते डोळ्यांनी कळतं. ते हात पुढे करून माझं बोट उचलतात आणि योग्य जागी ठेवतात. चाल वगैरे अजून लांब आहे. तीन कॉर्ड येतात, त्याही अडखळत.

तिसरी वाजवून झाली की ते माझ्या चेहऱ्याकडे बघत थांबतात. तारेचा आवाज किती वेळ राहतो, कधी विरतो, हे त्यांना कळायला दुसरा मार्ग नाही. मी आवाज पूर्ण संपू देते. मग मान हलवते. मग ते डबा घेऊन कामाला निघतात.